आधी कोणतं होतं

"त्या माणसाशी बोलताना जरा जपून गं," क्लिनिकच्या काउंटरवरच्या काकू मला म्हणाल्या होत्या. "नजर धड नाही त्याची. बाई बोलायला लागली की ओठांकडे बघत बसतो. एकटक."

मी ते हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर मात्र आरशासमोर दोन मिनिटं उभी राहिले. गेली कित्येक वर्षं माझ्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. लोक आधी माझ्या मुलीकडे बघायचे, मग तिच्या कानामागच्या यंत्राकडे, आणि मग कीव गोळा करून माझ्याकडे. कोणी नुसतं ओठांकडे बघितलं, तर त्यात जपण्यासारखं काय होतं?

मला तर त्याचे आधी पायच दिसले होते. तपासणीच्या खोलीत, टेबलाखालून बाहेर आलेले, एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलेलं. माझी मुलगी भिंगरी (चार वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही भिंगरीच म्हणतो) थेट त्या पायांपाशी उकिडवी बसली आणि तिने भोकात बोट घातलं. टेबलाखाली डोकं आपटलं. मग तो बाहेर आला. केसांत जळमटं, तोंडात छोटी बॅटरी धरलेली. बॅटरीसकट तो काहीतरी म्हणाला. मला एक अक्षर कळलं नाही.

"काय?"

त्याने बॅटरी काढली. "माफ करा म्हणालो. आता परत म्हणायला लावू नका, धीर लागतो त्याला."

आणि बघितलं… ओठांकडे.

तो कॉम्प्युटर दुरुस्त करणारा होता, आणि त्या टेबलाखाली तो काय शोधत होता हे कळल्यावर मी भिंगरीला उचलून कडेवर घेतलं.

भिंगरीला जन्मापासून ऐकू येत नाही. ऑपरेशन करून तिच्या कानात आत एक बारीक तार बसवली आहे, आणि बाहेर कानामागे एक यंत्र. कोणता आवाज तिला किती जोराने पोचवायचा, याची जी मांडणी त्या यंत्रात भरतात तिला डॉक्टर मॅप म्हणतात. एवढ्याशा पोरीला जास्त झालं की कमी, हे सांगता येत नाही. तिची पापणी लवली का, हातातला ठोकळा मध्येच थांबला का, असं बघत बघत, दर खेपेला केसभर पुढे सरकत, दीड वर्षात तिचा मॅप तयार झाला होता. ती 'आई' म्हणायला लागली होती, 'दे' म्हणायला लागली होती. आणि मग यंत्र पाण्याच्या बादलीत पडलं. नवीन यायला वेळ होता. तोवर घरात पुन्हा शांतता, आणि रोज तिचा एखादा शब्द गळून पडताना मी बघत होते. नवीन यंत्र आलं की त्यात जुना मॅप भरू, काळजी करू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मॅप क्लिनिकच्या कॉम्प्युटरमध्ये होता. आणि तो कॉम्प्युटर नेमका त्याच आठवड्यात साफ होऊन आला होता.

साफ करणारा हाच. सगळ्या मुलांच्या नोंदी त्याने आधी, मशीन सुरू न करताच डिस्क काढून, बाजूला उतरवून ठेवल्या होत्या, त्या सुखरूप होत्या. पण त्या उघडणारा प्रोग्राम जुना, बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. तो बसवायला पेनड्राइव्हसारखी एक किल्ली लागायची, आणि त्या किल्लीत आता एकच खेप उरली होती. प्रोग्राम आधी ज्या विंडोजवर चालत होता, त्याच विंडोजवर बसवला तर नोंदी उघडणार. दुसरीवर बसवला तर किल्ली वाया, मॅप गेला, आणि भिंगरीचं दीड वर्ष पुन्हा पहिल्या पापणीपासून.

मग आधी कोणतं होतं? त्या काळच्या तीन विंडोजपैकी एक्सपी, व्हिस्टा की सेव्हन?

कोणालाच सांगता येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नेहमीचं असतं ते. काकू म्हणाल्या, नवीन होतं, पण फार नवीन नव्हतं. एरवी डिस्कच्या कानाकोपऱ्यात जुन्याच्या काही खुणा राहतात, त्यावरून कळतं. नाहीतर मशीनच्या पाठीवर लेबल असतं. पण हा गडी पडला भलता टापटिपीचा. डिस्क अशी पुसलेली की मागमूस नाही, आणि लेबल मळकं दिसतंय म्हणून तेही नखाने खरवडून, वर स्पिरिटचा बोळा फिरवलेला. टेबलाखाली तो त्या लेबलाचा चिकट डाग वाचायचा प्रयत्न करत होता.

काकूंनी त्याच्यासमोरच मला ऐकवलं की जे आहे तेच परत घाल असं डॉक्टरीणबाईंनी त्याला बजावलं होतं, आणि याने हो हो करून नंदीबैलासारखी मान डोलावली होती. तो काकूंकडे पाठ करून तारा गुंडाळत राहिला.

जाताना त्याने मला विचारलं, तुम्ही दर वेळी या खोलीत असता, मशीन सुरू होताना काय दिसायचं? मी म्हटलं, मला काहीच आठवत नाही. मी कधी स्क्रीनकडे बघितलंच नाही, मी तिच्याकडे बघत असायचे.

"मग आठवलं की या," तो म्हणाला. "माझं दुकान चौकात आहे, खालीच. वरच्या खोलीत मी राहतो. नाही आठवलं तरी या."

*

नाही आठवलं, तरी मी गेले.

मी घरी बसून मुद्रितं तपासते, त्यामुळे माझ्याकडे एक म्हातारा लॅपटॉप आहे. त्या दिवसांत तो बिचारा फार आजारी पडायला लागला.

"आज काय होतंय याला?"

"हळू चालतो."

"परवा फार गरम होतो म्हणाला होतात."

"हो ना. आता गार पडलाय… म्हणून हळू."

त्याने लॅपटॉप उघडला, फुंकर मारली, बंद केला. "मॅडम, याला काहीही झालेलं नाही."

"मग मला झालं असेल," मी पुटपुटले, आणि खाली बघितलं.

"परत म्हणा ना," तो म्हणाला. "नीट कळलं नाही."

माझे कान तापले. कळलं नाही म्हणे! सगळं कळतं या माणसांना, फक्त परत ऐकायला गोड वाटतं… असं मी मनात म्हटलं आणि तोंडाने म्हटलं, काही नाही, पंखा लावा. दुसऱ्या दिवशी मी ओठांना हलकासा रंग लावून गेले. माझ्या आईने दारातच विचारलं, एवढं नटूनथटून कॉम्प्युटर दाखवायला चाललीस की स्वतःला? आई असं बोलते, पण त्या दिवशी तिने भिंगरीची वेणी जरा जास्तच नीट घातली होती.

भिंगरीला तिथे एक डबा मिळायचा, वेगवेगळ्या स्क्रूंचा. ती ते जमिनीवर ओळीने मांडायची. तिच्या बाबांचा विषय त्याने एकदाच काढला. मी सांगितलं की ते ऑपरेशनच्या आधीच वेगळे झाले, दुसऱ्या शहरात असतात, आणि अधूनमधून फोन करतात. मुलीशी बोलायला. जिला ऐकू येत नाही, तिच्याशी, फोनवर. मला वाटलं तो बिचारं तोंड करेल. तो हसायला लागला. मग मीही हसले, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा त्याने मॉनिटर पुसायचं मऊ फडकं पुढे केलं.

"याने ओरखडा पडत नाही," तो म्हणाला.

मी त्याला म्हटलं होतं, तिन्ही विंडोजची चित्रं दाखवा, मी ओळखते. तो तयार होईना. चित्र दाखवलं की माणसं सगळ्यालाच हो म्हणतात, हे त्याचं म्हणणं. तो फक्त विचारायचा. तळाची पट्टी निळी होती की काळी? कोपऱ्यातलं बटण गोल की चौकोनी? मला काही केल्या आठवेना, आणि रडकुंडीला येऊन मी म्हणाले, अहो, सांगितलं ना, मी तिच्या तोंडाकडे बघत असते, दुसरं काही बघत नाही.

तो थांबला. खुर्ची ओढून माझ्या समोर बसला.

"मग तेच सांगा. मशीन सुरू व्हायचं, ती समोर बसलेली असायची. तिच्या तोंडावर काय दिसायचं?"

मी डोळे मिटले. खोलीतला दिवा मंद असायचा, तिला शांत वाटावं म्हणून. माझी खुर्ची तिच्या बाजूला. "आधी काळोख," मी म्हणाले. "तिचं नाक तेवढं दिसायचं. मग तिच्या डोळ्यांत… ठिपके यायचे. बारीक. लाल, हिरवा… निळा… आणि एक पिवळसर."

"एका जागी?"

"नाही. फिरायचे. काजव्यांसारखे."

मी डोळे उघडले. तो भिंगरीसमोर मांडी घालून बसला होता. त्याने खिशातली बॅटरी काढून तिच्यासमोर हवेत गोल फिरवली, आणि मान उडवून विचारलं, पुढे काय? भिंगरीने स्क्रू टाकले. आपली चार बोटं हवेत नाचवली, एकमेकांभोवती गरगर फिरवली, जवळ जवळ आणली, एकत्र चिकटवली… आणि मग दोन्ही पंजे एकदम उघडले, उजेड पडावा तसे.

"सेव्हन," तो म्हणाला. हळूच, जणू मोठ्याने म्हटलं तर पळून जाईल. एक्सपीला निळे चौकोन धावतात, व्हिस्टाला हिरवी पट्टी. चार काजवे एकत्र येतात ते फक्त सेव्हनला. मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्या वेळी मात्र ओठांकडे नाही, डोळ्यांत.

"इतकं कोणी कोणाकडे बघत नाही," तो म्हणाला.

*

नवीन यंत्र आलं. क्लिनिकच्या कॉम्प्युटरवर त्याने सेव्हन चढवलं, किल्ली लावली, आणि शेवटचं बटण दाबण्याआधी मला विचारलं, लावू? डॉक्टरीणबाईंना नाही, मला. मी मान हलवली. त्या मिनिटभरात मी भिंगरीचा हात इतका घट्ट धरला होता की तिने मला चिमटा काढला.

प्रोग्राम उघडला. यादीतून भिंगरी निघाली, तिच्या मॅपच्या उंचसखल रेघा निघाल्या. डॉक्टरीणबाई नेहमीच्या मास्कच्या आडून काहीतरी म्हणाल्या आणि यंत्र भिंगरीच्या कानामागे चढलं. ती त्याच्या शेजारी स्टुलावर बसली होती, त्याच्या बॅटरीशी खेळत. दोघांच्या पाठी दाराकडे. काकूंनी मागे जाऊन लोखंडी कपाटावर टिचकी मारली. अगदी हलकी.

भिंगरी गर्रकन वळली. कपाटाकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "बत्ती," ती म्हणाली, हातातली बॅटरी उंच धरून. तिचा नवा शब्द. पुढे तिने त्यालाच ते नाव ठेवलं.

मी रडायला हवं होतं. मी रडलेही असेन. पण मला सवय आहे ना बघायची… मी बघितलं की त्या टिचकीला दोन पाठींमधली एकच वळली होती. तो अजून स्क्रीनकडेच बघत होता. सगळे हसायला लागले हे त्याला काचेत दिसलं असेल, तेव्हा तो वळला, आणि सगळ्यांच्या नंतर, सगळ्यांसारखा हसला.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर जाऊन बसली. परत म्हणा ना. काकूंचं ते टोचून बोलणं, पाठीवरून गेलेलं. आणि डॉक्टरीणबाईंनी मास्कमधून बजावलं तेव्हा त्याने ऐकलंच नव्हतं काही. समोरचं माणूस बोलायचं थांबलं की मान डोलवायची, एवढंच तो करत होता.

ओठांकडे तो वाचायला बघत होता.

वाईट वाटलं का? हो. थोडं स्वतःसाठीही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतर मी ओठांना रंग जास्त नीट लावू लागले. ठळक. लांबून दिसावा असा. उजेडाकडे तोंड करून बोलू लागले, तोंडावर येणारे केस पिनेने मागे बांधू लागले. त्याला वाटत होतं मी त्याच्यासाठी नटते. नटतच होते.

आणि दुसरंही एक करत होते. त्याच्या मागे उभी राहून हळू हाक मारायचे, मग जरा मोठ्याने. चमचा पाडायचे. कागद चुरगाळायचे. कोणत्या आवाजाला मान हलते, कोणत्या कानाने आधी, हे बघायचे. डॉक्टरीणबाई भिंगरीला तपासतात, तसंच. दार आपटलं तर त्याला कळायचं. बारीक आवाज, घंटी, कुजबुज, काही नाही. घरी आल्यावर मुद्रितं समोर ठेवून मी त्याचाच विचार करत बसायचे. कितपत उरलंय, किती वेगाने चाललंय.

एका दुपारी तो बंद मॉनिटरसमोर वाकून काही सोल्डर करत होता. मी मागे उभी राहून किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकला, आणि वाट बघत राहिले.

तो वळला नाही. हातातलं काम थांबवून म्हणाला, "काय निकाल लागला?"

मॉनिटरच्या काळ्या काचेत मी उभी होते. पुढे झुकलेली, श्वास रोखलेला, भुवया वर.

मी किल्ल्या उचलल्या. आणि मग मला थांबवता आलं नाही; मी सगळं सांगत सुटले. की तपासून घ्यायला हवं, उशीर केला तर मेंदू आवाज विसरतो, आता खूप चांगली यंत्रं निघाली आहेत, डॉक्टरीणबाईंशी मी बोलते, मी बरोबर येईन. तो शेवटपर्यंत माझ्या ओठांकडे बघत राहिला. एक शब्द सोडला नाही.

"लहानपणापासून उतरतंय," तो म्हणाला. "वडिलांचंही असंच गेलं. मला माहीत आहे सगळं. किती दिवस चाललंय हे तुझं?"

त्याने मला पहिल्यांदा 'तुझं' म्हटलं होतं, आणि ते असं.

"मला वाटलं होतं तू माझ्याकडे बघतेस."

"तुमच्याकडेच बघत होते."

"नाही गं. तपासत होतीस."

मी हातातल्या किल्ल्यांकडे बघत म्हणाले, "मला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने प्रेम करताच येत नाही हो."

खाली बघत म्हणाले. तो थांबला, काहीतरी बोलले एवढं त्याला कळलं असावं. मी मान वर केली. त्याचे डोळे माझ्या ओठांवर येऊन टेकले, वाट बघत… आणि ते वाक्य दुसऱ्यांदा माझ्या तोंडून निघेना. मुळीच निघेना.

*

तो गेला. भांडून नाही. जाण्याआधी घरी येऊन आईला नमस्कार करून गेला, भिंगरीला स्क्रूंचा डबा देऊन गेला. दुसऱ्या कुठल्याशा गावी मोठं गोदाम आहे म्हणे; ट्रक भरभरून जुनी मशीनं येतात, ती पुसून नव्यासारखी करायची. गिऱ्हाईक नाही, फोन नाही, कोणाशी बोलावं लागत नाही. तो हे चांगल्या बातमीसारखं सांगत होता.

फाटकापर्यंत मी पोचवायला गेले. दुपारची भुरभुर लागली होती; त्याचा चष्मा ओला झाला, तो सारखा पुसत होता. मी म्हटलं, तुम्ही तपासू नका म्हणालात तर नाही तपासणार. त्याने मान हलवली.

"तुला जमणार नाही. आणि का जमवावंस? त्या बघण्यानेच तर भिंगरीला तिचं सगळं परत मिळालं." मग जरा थांबून, शब्द मोजून घेत असल्यासारखा म्हणाला, "मला तू आवडतेस. फार. पण ज्या दिवशी मला काहीच ऐकू येणार नाही, त्या दिवशी तू माझ्याकडे कशी बघशील ते मी त्या काचेत पाहिलंय. तसं बघणारी आई असावी. मला… मला आई नको होती."

भिंगरी खिडकीतून ओरडत होती, बत्ती ये, बत्ती ये. तो वर न बघताच वळला आणि चालू लागला. तिला वाटलं, तो रुसला. मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही.

सुरुवातीला त्याचे फोटो यायचे. ओळीने मांडलेली मशीनं, खोलीची खिडकी, गॅसवर ठेवलेलं दुधाचं पातेलं. मग नुसतं 'मी ठीक'. गेले काही महिने तेही नाही. मी फोन करते तेव्हा घंटी वाजत राहते, आणि ती त्याच्यापर्यंत पोचते की नाही, कोण जाणे. गावाचं नाव त्याने सांगितलं नाही, स्थिरस्थावर झालो की कळवतो म्हणाला. भिंगरी आता अखंड बडबडते, तिच्या शिकवणीच्या बाई म्हणतात हिला गप्प कसं करायचं ते सांगा. तिची शाळा इथे, तिच्या डॉक्टरीणबाई इथे. मी उठून गावोगाव शोधायला निघू शकत नाही. तो एकटा राहतो. पातेल्यातलं दूध उतू जातं तेव्हा आधी बारीक चर्र होतं, ते त्याला ऐकू येत नाही. विझलेल्या गॅसचा सूं आवाजही नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या गावाबाहेर असं एखादं गोदाम असेल, तिथे कामावर उंच, चष्म्याचा, कोणाशी फारसं न बोलणारा एक माणूस असेल, तर तो कुठे राहतो ते विचारा आणि एकदा जाऊन या. दार वाजवाल, आतून उत्तर येणार नाही. घरात कोणी नाही असं समजून परत फिरू नका. उंबऱ्यापाशी जोरात पाय आपटा, दोनदा, तीनदा. जमीन हादरली की त्याला कळतं. दार उघडेपर्यंत थांबा. तो बरा आहे ना, तेवढं बघा. मी पाठवलंय म्हणून सांगू नका, सहज आलो होतो म्हणा.